सगुणेचं बोट

सगुणा न्हाऊ घालणारीनं मला फसवलं. तीस वर्षं मी मालवणच्या जेटीवर लिलावात उभी राहिले. शिळी सुरमई ताजी म्हणून माझ्या गळ्यात मारणं एकाही पुरुषाला जमलं नाही. अशा मला एका लुगडं खोचलेल्या बाईनं माझ्याच घरात, माझ्याच न्हाणीत, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिचं थोडं कौतुक करणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की ही बाई विसरली. मी विसरलेले नाही.

ती दिसायला कोणाच्या लक्षात राहावी अशी नव्हती. बुटकी, रुंद, दंड वल्ह्यासारखे. अंगाला खोबरेलाचा आणि ओव्याच्या धुराचा वास. उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरात वाकडं. लहानपणी पाटा पडून मोडलं होतं आणि कोणी नीट बांधलं नव्हतं. पण सगुणा सांगायची, "देवान ह्या बोट मुद्दाम वाकडा केल्यान. पोरांच्या घशाक बरोबर बसता."

आमच्या वाडीत बाळंतीण घरी आली की पहिला निरोप सगुणेला. हिंदूंची घरं असोत, किरिस्तांवांची असोत, सगळीकडे तीच. सकाळी नवाच्या सुमाराला ती यायची. न्हाऊ घालून होईपर्यंत चहाचा घोट घ्यायची नाही. पाटावर बसून पाय लांब करायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची, पाणी स्वतःच्या कोपरावर ओतून बघायची. मग तेल. मग हातापायांची घडी, उलटी आणि सुलटी. बाळ किंचाळत असायचं आणि ही शांतपणे घरातल्यांशी गजाली करत असायची. कोणाचा मुलगा कोणाबरोबर दिसला, कोणाच्या होडीला काय लागलं. वाडीतल्या निम्म्या बातम्या न्हाणीतून बाहेर पडायच्या.

तिला सगळी बाळं मासळीसारखी दिसायची. हे मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. अशक्त मूल असलं की, "ह्यो पेडवो खंयसून हाडलास गो?" गुटगुटीत असलं की, "सरंगो आसा सरंगो, तव्यात मावाचो नाय." माझ्या मुलाला, नंदूला, पहिल्या दिवशी उचलून ती म्हणाली होती, "तोंड बघा, मोरी कसा उघडता!" मोरी म्हणजे शार्क. नंदू आज जहाजावर आहे. अजून जेवायला बसला की मला ते वाक्य आठवतं.

पुरुषांना ती मोजत नसे. शेजारच्या माईची लेक पुण्याला दिली आहे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती तेव्हा जावई बाळ बघायला आला आणि त्यानं पिशवीतून पाण्याचं तापमान मोजायची नळी काढली. सगुणेनं ती हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"ह्या काय? पाण्याक ताप इलो?"

"आजी, बाळाला चटका बसेल. सदतीसच्या वर नको."

सगुणेनं त्याचं मनगट धरलं आणि हात घंगाळात बुडवला. जावई ओरडला.

"बोंबाललो," ती माईला म्हणाली. "म्हणजे पाणी बरोबर आसा."

दहा बायका हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

आयांना ती त्याहून कमी मोजायची. नवी आई न्हाणीच्या दारात आली तर, "तुझा काम झाला. पोर काढलंस, आता गप रव." एखादीनं विचारलं, एवढं का रडतंय, तर, "मगे काय भजन म्हणात?" एका बाळंतिणीच्या तर तिनं थोबाडीत मारली होती. कारण काय, तर बाळ रडताना बघून तीही रडत होती. आणि त्या मुलीची सासू दारात उभी राहून म्हणाली, "बरा केलंस वयनी." सगुणा न्हाऊ घालायची बाळांना, पण तिचं सगळं चालायचं ते सासवांच्या जोरावर. जे सासवांना सुनेला बोलायचं असायचं आणि बोलता यायचं नाही, ते ती पाणी ओतता ओतता बोलून टाकायची. म्हणून तिला सोडायला कोणी तयार नव्हतं.

आणि मग ते बोट.

न्हाणं संपत आलं की बाळाला उताणं करायचं, गाल दाबून तोंड उघडायचं, आणि वाकडं बोट घशात घालून दोनदा फिरवायचं. बाळ ओकायचं. सकाळचं दूध आणि त्यात चिकट तारा. त्या तारा ती बोटावर उचलून पांढऱ्या फडक्यावर ठेवायची आणि फडकं सासूपुढे धरायची.

"बघ, केदो कफ पडलो."

सासू वाकून बघायची, शेजारीण वाकून बघायची. मासळीवाली गिऱ्हाइकाला कल्ले उघडून आतली लाली दाखवते, तसंच. गिऱ्हाईक एकदा वाकलं की विकत घेतंच. मी स्वतः आयुष्यभर कल्ले उघडून दाखवले आहेत, आणि कल्ल्यांना रंग लावणारे लोकही मला माहीत आहेत. तरी त्या फडक्यापुढे मी वाकायचे आणि म्हणायचे, "बाप रे, एवढो!"

खोकणारं बाळ असलं तर तिला विशेष आनंद. खोकून खोकून बाळ ओकलं की ती मांडीवर थाप मारायची. "ओकान्दे! ओकला म्हणजे छाती सुटली. घरातली घाण भायर पडली." मग दारं-खिडक्या लावून निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि लसणीची सालं टाकायची. खोली धुरानं भरायची. त्या धुरात बाळाला धरून बसायची. आम्ही मोठी माणसं खोकत बाहेर पळायचो आणि म्हणायचो, औषध कडक आहे.

एकाच घरात तिचं चाललं नाही. रोझी टीचरच्या.

रोझी टीचर मूळची गोव्याची, इथल्या शाळेत शिकवायची. उंच, सडसडीत, आवाज कधी न चढणारा. तिला मुलगा झाला तेव्हा तिच्या सासूनं सगुणेला बोलावलं. पहिल्याच दिवशी टीचरनं तिच्यापुढे साबण ठेवला.

"सगुणाबाय, आधी हात धू. आणि माखण, न्हाण, काय तां कर. तोंडात बोट घालूचा नाय. धूर करूचो नाय."

"मगे कफ कसो पडतलो?"

"नाय पडलो तरी चलात."

सगुणेनं हात धुतले. महिनाभर बोट घातलं नाही. पण वाडीत तिनं त्या घराची अशी नक्कल केली की आजही बायका ती करून दाखवतात. हाताला साबण लावायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "मडमेचा पोर! शेंबूड येता तोय इस्त्री केलेलो." पुढे ते मूल खोकायला लागलं तेव्हा सगुणा घरोघर सांगत फिरली, आता बघा, बोट नको होता ना, आता मडम रडतली. टीचर रडली नाही. घड्याळ घेऊन बाळाच्या छातीकडे बघत बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुडाळला घेऊन गेली. चार दिवसांनी बाळ घरी आलं. सगुणेनं तो विषय पुन्हा काढला नाही. आम्हीही विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाची गजाल करण्यात काय मजा?

याला दहा वर्षं झाली. हे लक्षात ठेवा.

नंदूच्या मुलीला, जुईला, सगुणाच हवी असा हट्ट माझा होता. त्याच वेळी खालच्या आळीत एका घरी बाळंतीण आली होती आणि त्यांनी सगुणेची सकाळची पाळी आधीच धरून ठेवली होती. मी सगुणेच्या दारात ताजा सरंगा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी सगुणा नवाला माझ्या न्हाणीत होती आणि खालच्या आळीतलं बाळ अकरापर्यंत वाट बघत होतं. त्या घरची बाई मला रस्त्यात म्हणाली, "सुलूबाय, लहान पोराचा न्हाणय लिलावात काढलंस?" मी म्हणाले, "बोली लावूक तुका कोणी नको म्हटल्यान?" असा सौदा जिंकल्याचं सुख मला फार.

जुईला सगुणेनं बघितलं आणि म्हणाली, "मुडदुशी! चकचकता बघ." मुडदुशी म्हणजे बारीक, चंदेरी मासा. गोरी, नाजूक होती ती. माझी सून अक्षता कसालची. शिकलेली, कमी बोलणारी. पहिल्या दिवसापासून तिला ते बोट आवडत नव्हतं. ती तोंडानं काही म्हणायची नाही. बोट घशात गेलं की अक्षताचे दोन्ही हात स्वतःच्या पोटाशी जायचे. मला त्याचा राग यायचा. तीन महिने झाल्यावर रिवाजाप्रमाणे न्हाणं थांबायला हवं होतं. मीच सगुणेला म्हणाले, येत रहा.

जुई पाच महिन्यांची असताना, थंडीत, तिला आधी नाक वाहायला लागलं. मग खोकला. खोकल्याची उबळ आली की चेहरा लाल व्हायचा, जीभ बाहेर यायची आणि शेवटी सगळं दूध भसकन पडायचं. नाकातूनसुद्धा. मग ती दमून पडून राहायची आणि श्वासाबरोबर छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा.

"बरा झाला," सगुणा म्हणाली. "कफ सुटलो. आता मी काढतंय."

पहिल्या दिवशी तिनं बोट घातलं, फडकं दाखवलं, धूर केला. मी बघितलं. कफ होता. दुसऱ्या दिवशी जुई दर उबळीला ओकत होती. अक्षता पाजायची, पाच मिनिटांत सगळं अंगावर यायचं. दुपारी ती माझ्याकडे आली.

"आई, सकाळपासून तिचो लंगोट ओलो झालो नाय."

"पोटात रवला तर ओलो होतलो. कफ पडता तो पडांदे."

"आई, कफ नाय पडत. दूद पडता. ती उपाशी आसा. आपण कुडाळाक जाऊया."

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. मी म्हणाले, "सगुणावयनीन तुझ्या घोवाक न्हाणवल्यान. तुझ्यापेक्षा तिका जास्त कळता. ती सांगात तां."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणेनं जुईला नडग्यांवर घेतलं तेव्हा मी समोरच बसले होते. श्वास घेताना जुईच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पोट वर, छाती आत. अक्षता दारातून म्हणाली, "ह्या बघा ना, कातडी आत जाता."

सगुणा त्या खड्ड्याकडे बघत राहिली. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, पण जरुरीपेक्षा जास्त. मग म्हणाली, "पोटाचा बळ आसा तां." आणि बोट घातलं.

जुई ओकली. ओकायला पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी. सगुणेनं बोट बाहेर काढलं. त्याला रक्ताची एक रेघ होती. फडकं मांडीशेजारी घडी करून ठेवलेलं होतं. तिनं ते उचललं नाही. बोट स्वतःच्या लुगड्याला पुसलं, मागच्या बाजूला, जिथं मला दिसणार नाही असं तिला वाटलं.

मला दिसलं. विकणारा कुठली बाजू खाली ठेवतो हे बघण्यावर मी पोट भरलं आहे. सबंध जन्म जी गोष्ट तिनं नाकासमोर धरून दाखवली, ती त्या दिवशी तिनं लपवली. आणि मी गप्प बसले. समोर सून उभी होती. सुनेपुढे मी चुकले असं व्हायला नको होतं.

सगुणा चहा न घेता गेली.

अकराच्या सुमाराला जुईचा खोकला थांबला. मी म्हणाले, बघ, उतार पडला. अक्षतानं तिला उचललं तर मान मागे पडली. ओठ राखेच्या रंगाचे. अक्षतानं मला बाजूला सारलं. पायात चप्पल नसताना पोरीला छातीशी धरून रस्त्यावर गेली आणि पहिली मिळाली त्या रिक्षात बसली. मी आमच्या मासळीच्या टेंपोतून मागे. कुडाळला डॉक्टरांनी जुईच्या नाकाला नळी लावली, पायाच्या शिरेत सुई घालायला दोन नर्सना कितीतरी वेळ लागला, कारण शिरा सुकल्या होत्या. तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. श्वासनळ्यांना सूज होती, ब्राँकायटिस. लहान बाळाला कफ थुंकता येत नाही, जोरात खोकताना पोट दाबलं जातं आणि दूध उलटून येतं. त्या उलटीनं आजार बाहेर पडत नाही, फक्त बाळ उपाशी राहतं. तीन दिवस तिच्या पोटात काही टिकलं नव्हतं. आणि एखादी उलटी श्वासनळीत गेली असावी. मग त्यांनी विचारलं, "घशात कोणी बोट किंवा काही घातलं होतं का? आत जखम आहे."

अक्षतानं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "नाही."

बाराव्या दिवशी सगुणा आली. ओसरीवर बसली, पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती बोलली. "आवशीचा दूद जड होता गो. पोराक सोसला नाय." हे ती अक्षताला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. आणि मला ते इतकं सोयीचं वाटलं की संध्याकाळपर्यंत मीही तेच म्हणायला लागले. अक्षता महिन्याभरात कसालला गेली. नंदू जहाजावरून आला की थेट तिकडे उतरतो.

दोन वर्षं मी सगुणेला काही म्हणाले नाही. ती रस्त्यात भेटली की थांबायची, मी थांबायचे. दोघी मासळीवर बोलायचो.

मग गेल्या थंडीत मी साखर तपासायला कुडाळला गेले. तपासणीवाला आणि मुलांचे ते डॉक्टर एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात आहेत. सकाळचे नऊ वाजले होते. बाकावर सगुणा बसली होती, मांडीवर तिचा सात महिन्यांचा नातू, बाजूला तिची सून. सगुणेची माझ्याकडे पाठ होती. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, काय होतंय बाळाला? आणि सगुणा बोलली. मी तिला जन्मात शुद्ध बोलताना ऐकलं नव्हतं.

"काल संध्याकाळपासून खोकतो आहे. खोकताना दोनदा ओकला. दूध अर्धंच घेतो. श्वास मी घड्याळ लावून मोजलेत, मिनिटाला पन्नासच्या वर जातात. छाती अजून आत ओढत नाही. ओढायच्या आधी आणलं."

मी तपासणीच्या दाराकडून मागे फिरले.

बाळाला उबळ आली. ओकलं. सुनेनं पटकन तोंड पुसायला बोट पुढे केलं. सगुणेनं तिच्या हातावर फटका मारला.

"तोंडात बोट घालू नको! उभो धर त्येका. घसो आपणच मोकळो करता तो. मगे चमच्यान पाज, थोडा थोडा."

जी कोळीण आपल्या टोपलीतलं आपल्या पोरांना घालत नाही, तिच्याकडून घेऊ नये, हे आमच्याकडे लहान मुलींना शिकवतात. मी पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"सगुणा," मी म्हणाले. वयनी म्हणाले नाही. "धुरी केलंस काय गो ह्येका? ओवो घातलंस?"

तिनं वर बघितलं. घाबरली नाही. दमलेली दिसली.

"सुलू, हयसर नको."

"हयसरच. कफ काढलंस? फडक्यार घेतलंस? दाखव बघू माका, केदो पडलो तो!"

खिडकीतली मुलगी म्हणाली, "मावशी, आवाज कमी करा." मी तिला म्हणाले, तू तुझं लिही.

"खंयपासून म्हायत आसा तुका?" मी विचारलं. "ह्यो दम मोजूचो. छातीचो खड्डो. खंयपासून?"

सगुणा नातवाच्या पाठीवर थापटत राहिली. मग म्हणाली, "टीचरच्या पोरापासून. तिनाच शिकवल्यान माका. घड्याळ हातात देवन."

दहा वर्षं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी.

"आणि माझ्या जुयेच्या येळार? तुका खड्डो दिसलो नाय?"

"दिसलो."

एवढ्या सरळ ती म्हणाली. तिची सून तिच्याकडे बघायला लागली.

"मगे बोललंस कशाक नाय?"

"कोणाक बोलतलंय? तुका?" आता तिचाही आवाज चढला. "तुझी सून सांगी होती दोन दिवस, न्हेया म्हणान. तू ऐकलंस? तुमका सगळ्यांका कफ बघूक व्हयो होतो. मी दाखवलंय. मी 'डॉक्टराक न्हे' म्हटला असता, तर दुसऱ्या दिवशी माका कोणी न्हाणीत घेतल्यान असता? टीचरच्या घरी म्हयनोभर बोट घातलंय नाय, तर तिची सासू काय म्हणाली म्हायत आसा? म्हणाली, ही नुसता पाणी ओतूक येता."

"म्हणान पोरग्या मारलंस?"

"मी एकटीन?" ती म्हणाली.

मी हात उचलला होता. मारलं असतं. तिच्या मांडीवर बाळ नसतं तर नक्की मारलं असतं.

आतून नाव पुकारलं. सगुणा उठली. नातवाला खांद्यावर उभा धरून ती दाराकडे गेली. दारात बाळ पुन्हा खोकलं आणि तिच्या पाठीवर थोडं दूध ओकलं. सून पुसायला धावली. "ऱ्हवांदे तां," सगुणा म्हणाली, "आदी त्येचो दम बघ." मग दार लागलं. पाठीवरचा तो पांढरा ओघळ खाली उतरत होता तेवढा मी बघितला. त्यानंतर मी तिला जवळून बघितलेलं नाही. ती मला टाळते.

तिचा नातू तिसऱ्या दिवशी घरी आला. चांगला आहे. मला आनंद झाला असं मी इथे लिहिणार नाही.

"मी एकटीन?" हा प्रश्न तिनं मला घातला, त्याचं उत्तर मी देऊन आले आहे. मी कसालला गेले. अक्षताच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं की तुझं दूध जड नव्हतं, ते मला त्याच दिवशी माहीत होतं. बोटाला रक्त मी बघितलं होतं. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. अक्षतानं सगळं ऐकून घेतलं. बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. म्हणाली, "सांगून झाला? जावा आता." मी आले. यापेक्षा जास्त मी मागायलाही गेले नव्हते.

पण सगुणा अजून घरोघर जाते. दिवाळीनंतर वाडीत दोन बाळंतिणी आल्या, दोन्ही घरी तीच. मी दोन्ही घरी जाऊन सांगितलं. एका सासूनं मला चहा दिला आणि म्हणाली, "सुलूबाय, तुमचा दुख आमका समजता. पण आमच्या पोरांका कधी काय झाला नाय." नाहीच होत. खोकणारी बहुतेक बाळं आठ-दहा दिवसांत आपणहून बरी होतात, बोट घाला नाहीतर घालू नका. डॉक्टरांनीच मला ते सांगितलं. बरी होतात त्यांचं नाव सगुणेला मिळतं. जी होत नाहीत त्यांच्या आईचं दूध जड असतं.

म्हणून मी हे लिहिलं, आणि हे वाचून दाखवलं जाईल अशा ठिकाणी देते आहे. सगुणा, तुला वाचता येत नाही, पण तुझी सून वाचेल. तिनं ते व्हरांड्यात ऐकलं आहे. वाडीतल्या बायका जमतात तिथे ये. त्या दोन सासवांनाही बोलाव. त्यांच्या समोर सांग की खड्डा दिसला होता आणि तरी तू बोट घातलंस. तुझ्या नातवाचे श्वास तू घड्याळ लावून मोजलेस. जुईचे का मोजले नाहीस, ते सांग. गिऱ्हाईक तुटेल म्हणून, एवढंच कारण असेल तर तेच सांग, पण तुझ्या तोंडानं सांग. मी माझं सांगितलं, कोणी पाणी विचारलं नाही आणि मी मेले नाही. तूही मरणार नाहीस. ये आणि बोल.